‘सहमत’ची कळ कोण दाबतो? डिजिटल संमतीच्या वादाचा आढावा, डहाणू-तलासरी समोर ठेवून

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये केला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. या नियमांतल्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. मग वेबसाइट असो, ॲप असो, बँक असो की दवाखाना, माणसाची माहिती घेताना त्याला कसे विचारायचे याला कायद्याचे ठोस माप असेल.

संमतीचा हा वाद युरोपात दोन दशके चालला आहे आणि आपल्याकडे आठ-नऊ वर्षे. तो बहुतेक वेळा एका विशिष्ट माणसाला समोर ठेवून झाला. त्या माणसाचा फोन स्वतःचा असतो, समोरची सूचना त्याला वाचता येते आणि ‘नाही’ म्हटल्याने त्याचे फारसे बिघडत नाही. या आढाव्यात पालघर जिल्ह्यातले डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके समोर ठेवले आहेत. २०११ च्या जनगणनेत डहाणूची लोकसंख्या सुमारे चार लाख आणि तलासरीची दीड लाख होती. तलासरीत दहातली नऊ माणसे आदिवासी आहेत, डहाणूत दोन तृतीयांशांहून अधिक. पाड्यांवर वारली आणि धोडिया बोली, किनाऱ्याला मांगेल्यांची बोली, घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्यांत गुजराती. मराठी ही शाळेची आणि कचेरीची भाषा. संमतीबद्दलचे सगळे सिद्धान्त इथे आणून पाहिले की कोणता टिकतो आणि कोणता लंगडा पडतो ते लवकर कळते.

कुकीपासून मोबाइल नंबरापर्यंत

वेबसाइट मुळात विसराळू असते. पान उघडणारा माणूस मघाचाच की नवा, हे तिला कळत नाही. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुण अभियंत्याने यावर तोड काढली. साइटने पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये एक छोटी नोंद ठेवायची आणि तो परत आला की ती वाचायची. हीच कुकी. खरेदीची यादी लक्षात ठेवणे, लॉगिन टिकवणे ही तिची साधी कामे, आणि त्यांना आजही कुणाची हरकत नाही.

वाद सुरू झाला तो जाहिरात कंपन्यांमुळे. एकाच कंपनीचा कोड हजारो साइटवर बसला, तेव्हा त्या प्रत्येक ठिकाणी तोच ब्राउझर तोच क्रमांक दाखवू लागला. चिकूची कलमे शोधली, सोनेतारण कर्जाचा दर पाहिला, रात्री मधुमेहाच्या औषधाची चौकशी केली, तर तिन्ही साइट वेगळ्या असूनही पाहणारा एकच. यातून माणसाचे जे चित्र उभे राहते ते त्याने कुणालाही सांगितलेले नसते. ॲपलने एप्रिल २०२१ मध्ये आयफोनवरच्या ॲपना असा माग काढण्याआधी परवानगी मागणे भाग पाडले. गुगलने जानेवारी २०२० मध्ये अशा तिसऱ्या पक्षाच्या कुकी दोन वर्षांत बंद करण्याची घोषणा केली, मुदत पुन्हा पुन्हा वाढवली आणि एप्रिल २०२५ मध्ये तो बेत सोडल्यासारखाच झाला.

डहाणू-तलासरीत इंटरनेट म्हणजे मोबाइल. मोबाइलवर कुकीपेक्षा अँड्रॉइडचा जाहिरात क्रमांक, ॲपच्या पोटात बसवलेले दुसऱ्या कंपन्यांचे कोड आणि सर्वांत वर मोबाइल नंबर यांची सत्ता चालते. कुकी पुसता येते, जाहिरात क्रमांक बदलता येतो. नंबर मात्र आधारला, बँकेला आणि योजनांच्या अर्जांना जोडलेला असतो. आपल्याकडची चर्चा कुकीच्या पट्टीवर अडकून पडली तर मुख्य धागा हातातून निसटेल असे मला वाटते.

युरोपचे वीस वर्षांचे प्रयोग

युरोपीय संघाने २००२ मध्ये ऑनलाइन खासगीपणासाठी निर्देश काढला आणि २००९ च्या दुरुस्तीत कुकी ठेवण्याआधी संमती घेण्याची अट घातली. साइट उघडताच येणाऱ्या पट्ट्या तिथून सुरू झाल्या. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या युरोपीय डेटा संरक्षण कायद्याने संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि निःसंदिग्ध हवी असे सांगितले. आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली चौकट ही संमती नव्हे, असा निकाल युरोपच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये दिला.

तरी पट्ट्यांची रचना बदलली नाही. ‘सर्व स्वीकारा’ मोठे आणि रंगीत, नकार दोन पडदे आत, फिक्या अक्षरात. ब्रिटनमधल्या मोठ्या साइटवरच्या अशा खिडक्या तपासणाऱ्या २०२० च्या एका अभ्यासात किमान कायदेशीर अटी पाळणाऱ्या रचना जेमतेम ११.८ टक्के निघाल्या. पहिल्या पडद्यावरून नकाराची कळ काढली की होकार बावीस-तेवीस टक्के अंकांनी वाढतो, हेही त्यात दिसले. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामकाने गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड केला. कारण एवढेच की होकार एका टिचकीत होता आणि नकार तसा नव्हता.

पुढचा पेच पैशाचा. फेसबुक-व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटा कंपनीने नोव्हेंबर २०२३ पासून युरोपात ‘पैसे भरा नाहीतर माग काढू द्या’ असा पर्याय ठेवला. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने त्यावर २० कोटी युरोंचा दंड लावला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयोगाने पट्ट्या कमी करून माणसाची निवड एकदाच ब्राउझरमध्ये नोंदवावी असा प्रस्ताव मांडला. ही कल्पना नवी नाही. ‘माझा माग काढू नका’ असा संकेत ब्राउझर फार पूर्वीपासून पाठवत होते, पण साइट त्याकडे लक्ष देत नसत आणि अखेर तो प्रयत्न गुंडाळला गेला. कॅलिफोर्नियात तशाच एका संकेतामागे कायदा उभा राहिला, म्हणून तिथे त्याला वजन आहे.

भारताची वाट

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीचा अहवाल जुलै २०१८ मध्ये आला, २०१९ चे विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले गेले आणि वर्षभराने आजचा आटोपशीर कायदा झाला.

त्यात ‘कुकी’ हा शब्द कुठेच नाही. पण कुकीवरून माणूस ओळखता येत असेल तर ती वैयक्तिक माहितीच ठरते आणि संमतीचे कलम ६ तिलाही लागू होते. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी, स्पष्ट कृतीतून दिलेली हवी आणि कामापुरत्याच माहितीसाठी हवी. ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे हवे. विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय हवी. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते आणि त्यांचा माग काढण्यास, त्यांच्यावर नेम धरून जाहिराती करण्यास मनाई आहे. मुलांबाबतच्या तरतुदी मोडल्यास २०० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो.

यासोबत कलम ७ वाचावे लागते. अनुदान, लाभ, दाखला, परवाना देताना सरकारला काही अटींवर नव्याने संमती न घेताही माहिती वापरता येते. शहरी वाचकाला हे कलम आडबाजूचे वाटेल. डहाणू-तलासरीत माणसाचा डिजिटल व्यवहार मुख्यतः सरकारशीच होतो, त्यामुळे तिथे हेच कलम मध्यभागी येते.

केंद्रावरची संमती

कासा किंवा तलासरीला बाजाराच्या दिवशी सेवा केंद्रावर काय चालते ते पाहावे. खिडकीशी बाई आधार कार्ड पुढे करते. चालक क्रमांक टाकतो, पडद्यावर चार ओळी येतात, त्यांच्या डाव्या बाजूला रिकामी चौकट असते. चौकटीत खूण चालकच करतो. ओटीपी बाईच्या फोनवर येतो. फोन मुलाकडे असेल तर मुलाला फोन लावून तो विचारला जातो. मग ‘झालं’ असे शब्द ऐकू येतात आणि पुढचा माणूस सरकतो. त्या चार ओळी कुणी वाचून दाखवत नाही. चालकाला दोष देण्यातही अर्थ नाही. रांग लांब असते, साइट मध्येच बंद पडते आणि अर्ज अडला तर बोलणी त्यालाच खावी लागतात.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत हे अधिक ठळक झाले. दरमहा १५०० रुपयांच्या या योजनेसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि मुदत वाढत वर्षअखेरीपर्यंत गेली. महिलेने आधार क्रमांक आणि पडताळणी संकेतांक भरायचा, आधार प्रमाणीकरणाला संमती दर्शवायची, ओटीपी टाकायचा. मग हेच सारे पतीच्या किंवा वडिलांच्या आधार क्रमांकाने पुन्हा. म्हणजे बाईच्या हक्काचे पैसे दुसऱ्या माणसाच्या संमतीवर आणि त्याच्या हातातल्या फोनवर येऊन थांबले. नवरा मासेमारीच्या बोटीवर असेल, दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेला असेल किंवा उंबरगाव-वापीच्या कारखान्यात पाळीवर असेल, तर त्याच्याशी संपर्क होईपर्यंत थांबणे आले. पती किंवा वडील हयात नसलेल्या महिलांसाठी नंतर वेगळी सोय करावी लागली.

सरकारच्या बाजूने सांगण्यासारखेही बरेच आहे. बोगस लाभार्थी वगळायचे तर पडताळणी हवी. आधारने मधले दलाल कमी केले, पैसा थेट खात्यात येऊ लागला, हे पाड्यावरची बाईही सांगते. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावातच दिले गेले, आणि ज्याच्याकडे ओळखीचा कागद नाही त्याला ओळख, हेच त्यामागचे समर्थन होते. अडचण पडताळणीत नाही, ती ‘संमती’ म्हणण्यात आहे. नकार दिला तर लाभ जातो, अशा ठिकाणी त्या चौकटीला अट म्हणणे अधिक सरळ झाले असते.

या भागाला न समजलेल्या होकाराचा इतिहास आहे. सावकार-जमीनदाराच्या वहीत काय लिहिले आहे हे न कळता अंगठा द्यायचा आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पिढीच्या पिढी लग्नगडी म्हणून राबायची, ही व्यवस्था इथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. १९३०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारचे अधिकारी सायमिंग्टन यांनी आदिवासींच्या या पिळवणुकीची अधिकृत नोंद केली. मे १९४५ मध्ये आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारली जमले आणि वेठबिगारी नाकारली. किसान सभेचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर यांचे काम याच मुलखातले. आजची सरकारी योजना आणि तेव्हाचे सावकारी कर्ज यांना एका पारड्यात घालता येत नाही, योजना देणारी आहे आणि कर्ज लुटणारे होते. पण न वाचलेल्या मजकुराखाली खूण करायला इथला म्हातारा माणूस कचरतो, तेव्हा त्या कचरण्यामागे अनुभव आहे हे ओळखायला हवे.

भूमिका कोणत्या

पहिली भूमिका हक्कवाद्यांची. माहिती माणसाची आहे, म्हणून निवडही त्याचीच. संमतीत खोट असेल तर ती सुधारावी, टाकून देऊ नये. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनसारख्या संस्थांचा रोख कायद्याने सरकारला दिलेल्या सवलतींवर आहे. नागरिकाने कंपनीला नाही म्हणावे आणि सरकारला मात्र म्हणता येऊ नये, हे त्यांना मान्य नाही.

दुसरी भूमिका म्हणते की संमती आता ओझ्याखाली वाकली आहे. दिवसाला अनेकदा विचारले की माणूस वाचायचे सोडतो. कायदेतज्ज्ञ राहुल मत्थन यांनी २०१७ मध्येच, संमती घेतली की सुटलो असे कंपन्यांना वाटू न देता नुकसानीची जबाबदारी थेट त्यांच्यावर टाकावी, असा विचार मांडला. श्रीकृष्ण समितीनेही माहिती घेणाऱ्याला विश्वस्ताच्या जागी कल्पिले. विश्वासाने सोपवलेली वस्तू मालकाच्या हिताविरुद्ध वापरायची नाही, मग कागदावर सही असो वा नसो. वाचता न येणाऱ्या माणसाचे रक्षण या विचाराने अधिक होते, असे माझे मत झाले आहे. त्याविरुद्धचा आक्षेपही वजनदार आहे. हित कशात आहे हे ठरवणार कोण? इथल्या आदिवासींच्या हिताचे निर्णय त्यांना न विचारता घेतले गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

तिसरी बाजू उद्योगांची, आणि तीत मोठे-लहान असा भेद करणे भाग आहे. बोर्डीच्या किनाऱ्यावर दोन खोल्यांचे घरगुती निवास चालवणारे कुटुंब किंवा घोलवडचा चिकू थेट विकणारा बागायतदार तयार साच्यातली वेबसाइट घेतो. तिच्यात भेटी मोजणारा आणि जाहिरात कंपनीचा कोड आधीच घातलेला असतो, आणि तो काय गोळा करतो हे मालकालाही ठाऊक नसते. कायद्यापुढे जबाबदार मात्र तोच. काही घटकांना सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारने कलम १७ मध्ये राखून ठेवला आहे. लहानांना सूट हवी हे खरे, पण कोड मोठ्या कंपनीचा असेल तर या सवलतीचा फायदा कुणाला, हेही विचारायला हवे. मोठ्यांची गोष्ट व्हॉट्सॲपच्या प्रकरणात दिसली. २०२१ चे धोरण स्वीकारा नाहीतर सेवा सोडा, या पवित्र्याबद्दल स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला. वर्षभराने अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण जाहिरातींसाठी माहिती वाटून घेण्यावरची पाच वर्षांची बंदी उठवली. गावाचा गट, शाळेचा गट, मासळीचा भाव असे सगळे ज्या ॲपवर चालते ते सोडून जायचे कुठे?

चौथी भूमिका तंत्रज्ञांची. संमती यंत्राला वाचता येईल अशी असावी, हेतू आणि मुदत तीत लिहिलेली असावी, ती एका ठिकाणी पाहता आणि रद्द करता यावी. ग्राहकाच्या संमतीने त्याची आर्थिक माहिती एका संस्थेकडून दुसरीकडे नेणारी रिझर्व्ह बँकेची अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्था सप्टेंबर २०२१ पासून याच तत्त्वावर चालते. नव्या नियमांतले संमती व्यवस्थापक त्याचाच विस्तार असून त्यांची नोंदणी नोव्हेंबर २०२६ मध्ये सुरू व्हायची आहे. ज्याच्याकडे स्मार्टफोन आणि सवड आहे त्याच्यासाठी ही चांगली सोय आहे.

ग्रामसभेचा दाखला

डहाणू आणि तलासरी पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणून इथे संमतीचा आणखी एक कायदेशीर साचा आधीपासून आहे. १९९६ चा पेसा कायदा, त्याचे महाराष्ट्राचे २०१४ चे नियम आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी गावाला, नियमांनुसार पाड्यालाही, एकत्र बसून होय किंवा नाही म्हणण्याचे स्थान दिले. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरावरील बॉक्साइट खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये ग्रामसभांकडेच पाठवला होता. जैवविविधता कायद्याखाली स्थानिक समित्या वनस्पतींविषयीच्या पारंपरिक ज्ञानाची नोंद ठेवतात.

माहितीलाही हे लागू करावे का? क्रिस गोपालकृष्णन समितीने २०२० मध्ये समुदायाच्या माहितीवर समुदायाचा हक्क ही कल्पना मांडली, पण तिचा कायदा झाला नाही. पाड्याचा ड्रोन नकाशा, जंगलातल्या औषधींची नोंद, वारली चित्रांचे संग्रह ही माहिती एकट्याची नसते. तिथे एकेकाच्या फोनवर खूण घेण्यापेक्षा ग्रामसभेत विचारणे अधिक प्रामाणिक ठरेल. कुणाचे आजारपण, कर्ज, बाळंतपण ही मात्र सभेत मांडायची गोष्ट नाही, आणि सभेत बायकांचा आवाज किती पोहोचतो हाही प्रश्न उरतोच. शिवाय ग्रामसभेच्या नकाराचे पुढे काय होते हे या जिल्ह्याने पाहिले आहे. बुलेट ट्रेनच्या भूसंपादनाविरुद्ध अनेक ग्रामसभांनी ठराव केले, तरी काम पुढे गेले.

काय सुटायचे आहे

भाषेचा प्रश्न सर्वांत आधी येतो. आठव्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत, वारली आणि धोडिया त्यांत नाहीत. मराठीत सूचना दिली की कायद्याची अट पूर्ण होते, समज पूर्ण होतेच असे नाही. आदिवासी कार्य मंत्रालयाच्या ‘आदि वाणी’ या भाषांतर ॲपची सुरुवात २०२५ मध्ये संथाळी, भिली, मुंडारी आणि गोंडी या भाषांनी झाली. वारली मुख्यतः बोलण्याची भाषा, म्हणून ऐकवता येणारी सूचना हाच तिथे शहाणा मार्ग दिसतो. नियम सूचना सोप्या भाषेत मागतात, ती ऐकवलीच पाहिजे असे म्हणत नाहीत.

मुलांचे त्याहून अवघड. ‘अपार’ या विद्यार्थी ओळख क्रमांकासाठी शाळा पालकांचे संमतिपत्र घेतात. आश्रमशाळेतल्या मुलाचे पालक दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत भट्टीवर असतात. पालकाची ओळख डिजिटल मार्गाने पडताळावी, असे नव्या नियमांत आहे. त्या महिन्यांत ती कशी पडताळायची आणि अधीक्षकाने पालकाच्या जागी होकार द्यायचा की नाही, याचे उत्तर शाळेच्या पातळीवर कुणाकडेच नाही. शैक्षणिक संस्थांना मुलांचा माग काढण्याच्या बंदीतून मर्यादित सवलत आहे, तिची हद्दही प्रत्यक्ष वापरातच ठरेल.

आणि पुराव्याचा प्रश्न. कलम ६ म्हणते, वाद उभा राहिला तर सूचना दिली होती आणि संमती मिळाली होती हे माहिती घेणाऱ्यानेच सिद्ध करायचे. कंपनीपाशी किंवा खात्यापाशी पुरावा म्हणून ओटीपीची वेळ आणि चौकटीतली खूण असेल. ओटीपीवरून एवढेच सिद्ध होते की त्या क्षणी तो नंबर कुणाच्या तरी हातात होता. खूण केंद्रचालकाने केली, सूचना त्यानेही वाचली नाही आणि बाईला ती ऐकवली गेली नाही, असे या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळापुढे आले तर ती संमती धरायची की नाही? केंद्रचालकाला माहिती घेणाऱ्याचा प्रतिनिधी मानायचे की देणाऱ्याचा मदतनीस, हेही कायद्याने सांगितलेले नाही. सूचना ऐकवल्याची नोंद ठेवणे, चालकाच्या नावाने वेगळी खूण करणे, नकार दिल्यास दुसरा मार्ग कोणता ते त्याच पडद्यावर लिहिणे, एवढ्या दुरुस्त्या नियम न बदलताही खात्यांना आपल्या पोर्टलवर करता येतील.